गट चारची वीस कलमं

८ ऑगस्ट २०२५

दादा,

नमस्काराच्या खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून नमस्कारही राहिला. तो गृहीत धर.

मंगळवारी तुझा पाठ झाला, तू गुणपत्रक वाचलंस, त्याची घडी करून माझ्या टेबलावर ठेवलीस आणि एवढंच विचारलंस, "तू बघलंस मा?" मी म्हटलं, "बघितलं." त्यानंतर तू माझा फोन घेतलेला नाहीस. आज सकाळपासून तर रिंगही जात नाही. म्हणून हे पत्र. नर्मदावहिनीच्या फोनवर निरोप ठेवता आला असता, पण माझं भांडण तिच्या हाताने तुझ्यापर्यंत पोचवणं मला बरं वाटेना.

मला जे सांगायचंय ते सरळ सांगते. दहा दिवस तुम्ही सहाजण आमच्या केंद्रात राहिलात ते शाळेत शेती हा विषय कसा शिकवायचा ते शिकायला. शेती तुम्हाला येतेच, ती आम्ही काय शिकवणार! शेवटी प्रत्येकाने नववीच्या चार मुलांना काजूचं कलम बांधायला शिकवायचं होतं. प्रत्येक मुलाची पाच, म्हणजे गटाची वीस कलमं. चाळीसपैकी चोवीस गुण मिळाले तर पात्र. तुला एकोणीस पडले. कौशल्याला दहापैकी दहा आहेत, ते तू पाहिलंसच. 'विद्यार्थ्यांचा सहभाग' या रकान्यात दोन आहेत, सुरक्षितता आणि वेळेचं नियोजन मिळून सात.

ते दोन का, ते मी शेऱ्यात लिहिलंय: प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी काढून घेऊन स्वतः काप देतो. दादा, या जिल्ह्यात कलम बांधण्यात तुझा हात धरणारा माणूस नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण मी पहिल्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं की शिकवणाऱ्याने आपले हात मागे बांधून उभं राहायला शिकावं. मुलाचा काप वाकडा गेला तर जाऊ दे. काडी फुकट गेली तर दुसरी आहे. तुला ते जमत नाही.

तू भाऊ आहेस म्हणून गुण वाढवले नाहीत, आणि भाऊ आहेस म्हणून कमीही केले नाहीत. हे वाक्य मी आधी कच्चं लिहून पाहिलं. बरोबर वाटतं.

पात्र लोकांची यादी पंचवीस तारखेला जिल्ह्याला जाईल. तोंडवलीच्या शाळेत गणपतीच्या सुट्टीनंतर शेतीचा वर्ग सुरू होतोय, आणि तिथला निदेशक त्या यादीतूनच घेणार. शाळा तुझ्या नर्सरीपासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. पुढच्या वर्षी परत प्रशिक्षण होईल. तेव्हा ये.

उद्या राखी. पाकिटात घातली होती. मग वाटलं, हिला गोड बोलून मिटवायचंय असं तुला वाटेल. काढून ठेवली. न पाठवण्याचाही तू काहीतरी अर्थ लावशील, पण त्याला इलाज नाही.

संचिता

१३ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. मी ते येईल असं धरलंही नव्हतं, तरी दोनदा शिपायाला विचारलं.

एक गोष्ट घडलीय. ती तुला सांगायची की आधी नीट खात्री करायची, यात कालचा दिवस गेला. सांगते.

सहा गटांची एकशेवीस कलमं सावलीच्या जाळीखाली ठेवलीत. ती फुटायला तीन आठवडे तरी लागतात, आणि प्रमाणपत्रं आम्ही दहाव्या दिवशी देऊन मोकळे होतो. यावर मी दोन वर्षांपूर्वी एक टिपण केलं होतं. ते कुठल्यातरी फायलीत असेल. काल पाऊस थांबला तेव्हा मी प्लास्टिकच्या टोप्या काढून एकेक कलम बघत होते. गट चार तुझा. वीसही पिशव्या पाहिल्या. परत पहिल्यापासून पाहिल्या.

सांध्यावरच्या सगळ्या पट्ट्या उजव्या हाताने गुंडाळलेल्या आहेत.

तू डावखुरा. तुझी पट्टी जगाच्या उलट फिरते. आबाकाका शंभर रोपांतून आपल्या लेकाचं रोप उचलून दाखवायचे, "हो बघा, आमच्या डावखुऱ्याचो कलम!" आणि तू रागाने लाल व्हायचास. मी लिहिलंय की तू मुलांच्या हातातून काम काढून घेतोस. मग ही वीस कलमं कोणी बांधली?

कापाचं काय ते पट्टीवरून कळत नाही. काप तू दिलास आणि पट्टी मुलांनी बांधली असंही असेल. माझा शेरा कापाबद्दल आहे, पट्टीबद्दल नाही. मी स्वतःला हे कालपासून समजावतेय आणि मला ते पटत नाही, कारण त्या दिवशी मी पट्टी बांधतानाही तुझेच हात चालताना पाहिले असं माझी आठवण सांगते.

गेल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. पाठाच्या आदल्या दिवशी केंद्राच्या साहेबांनी मला जिन्यात थांबवलं. "मॅडम, चार नंबरचे तुमचे बंधू ना? जरा जपून हां. परवा बांद्याहून एकाचा फोन होता, घरचीच माणसं घेतात म्हणून." मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका." एवढंच झालं. त्याचा गुणांवर परिणाम झाला नाही, असं मी अजूनही म्हणते.

पण मागच्या वेळेसारखं ते वाक्य मी कच्चं लिहून पाहिलेलं नाही.

सं.

१७ ऑगस्ट

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू बागेत होतास म्हणे. तिने आधी माझी यथेच्छ हजेरी घेतली. "गो बाय, तुमची ती चाळीस गुणांची परीक्षा, शिरा पडो तिच्या तोंडार! माझ्या घोवान महिनोभर घरात कायव काम करूक नाय, नुसतो उजव्या हातान काड्ये कापीत बसलो." मला कळेना. म्हटलं, उजव्या हाताने? "मगे? पोरांका डाव्या हातान दाखवला तर तेंका उलटा दिसता, म्हणान. आंगठो दोनदा कापून घेतल्यान. माका म्हणता, कोणाक सांगू नको. म्हणान तुकाच सांगतंय."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहिते, कारण ते न लिहिता पुढचं लिहिणं म्हणजे परत लपवणं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. तू उजव्या हाताने बांधायला शिकला असशील, तर ती वीसही कलमं तूच बांधलेली असू शकतात. म्हणजे माझा शेरा खरा. दोन मिनिटं मी खरोखर हलकी झाले होते. एकावन्न वर्षांचा माणूस चार पोरांसाठी आपला हात बदलतो, हे ऐकून त्याच्या बहिणीला आनंद होतो तो स्वतःचा शेरा बचावल्याचा. त्या दोन मिनिटांची लाज अजून गेलेली नाही.

मग मी रोजनिशी काढली. पाच ऑगस्टची नोंद अशी आहे: "दादाचा पाठ. सुरी काढून घेतो. अपेक्षेप्रमाणे."

ते 'अपेक्षेप्रमाणे' मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे.

तुला आठवत नसेल. मी बारा वर्षांची होते, तू अठराचा. मे महिन्याच्या सुट्टीत मला कलम बांधायला शिकायचं होतं आणि मी खुंटाला सुरी लावली की तू म्हणायचास, "तुझ्यान जावचा नाय, हड हय," आणि हातातून काढून घेऊन टकाटक बांधून टाकायचास. सगळी सुट्टी मी नुसत्या काड्या पुरवल्या. कलम मी शिकले ते पुढे कृषी महाविद्यालयात, परक्या माणसाकडून. हात मागे बांधून उभं राहा, हे जे मी गेली चौदा वर्षं शिकवते आहे, ते कुठून आलं असेल असं तुला वाटतं?

आता पेन्सिलीचं सांगते. गुणपत्रक आम्हाला आदल्या दिवशीच मिळतं. त्या मंगळवारी सकाळी केंद्रावर जाताना बसमध्ये मी सहाही जणांचे अंदाज पेन्सिलीने भरले. सगळे निरीक्षक भरतात. नाहीतर पस्तीस मिनिटांच्या पाठात तेवढं लिहून होत नाही. तुझ्या 'सहभाग' रकान्यात मी बसमध्येच दोन लिहिले होते. शेराही लिहिला होता. वर्गात मी मागच्या बाकावर बसले, निरीक्षकाने तिथेच बसायचं असा नियम आहे. तिथून तुझी पाठ दिसत होती. तू एका मुलीच्या मागे वाकून उभा होतास आणि तुझी कोपरं हलत होती. मी मनात म्हटलं, हं, काढून घेतली सुरी. आणि खाली मान घालून पेन्सिलीवर शाई फिरवायला लागले.

तू विचारलंस, बघलंस मा? मी म्हटलं, बघितलं.

अजूनही शक्यता आहे की मी न बघता लिहिलेलं खरं निघेल. उद्या-परवा मी त्या मुलांना गाठते. यादी जायला आठ दिवस आहेत.

संचिता

२० ऑगस्ट

दादा,

काल शाळेत गेले. तुझ्या गटातली दिव्या भेटली, ती बारीक वेणीवाली. मी बाईंना सांगून तिला व्हरांड्यात बोलावलं तर पोरगी आधी घाबरलीच. "मॅडम, माझा कलम मेला?"

म्हटलं, नाही गं, अजून कळायचंय. मला एवढंच सांग, काप कोणी दिला? तू की सरांनी?

"मीच."

"सुरी तर सरांच्या हातात होती ना?"

"तेंच्या हातात नाय ओ, माझ्याच हातात. तेंचो हात माझ्या हातार होतो." तिने माझा हात ओढून घेतला, माझ्या मुठीत पेन्सिल दिली आणि वरून आपली मूठ ठेवून दाखवलं. "अशे. म्हणाले, जोर करू नको, सुरयेक जावंदे. मगे तेंनी हात कधी काडल्यानी ता माका कळाकच नाय. मी आपली कापतंय, कापतंय, आणि बघतंय तर सर थंय दुसऱ्याकडे!" आणि हसायला लागली. "दुसऱ्याच्या वेळेक मी बघी होतंय, कधी काडतत ता. तरी गावाक नाय."

पट्टी? "ती पण आमीच. सरांची पट्टी वाकडीच जाय होती."

इतर तिघांनाही वेगवेगळं विचारलं. मुलं एकमेकांचं ऐकून सांगतात म्हणून वेगवेगळं. तेच सांगितलं.

दादा, हात मागे बांधून उभं राहणं सोपं आहे. मी ते चौदा वर्षं करते आहे. पोराच्या हातावर हात ठेवून तो त्याला न कळता काढून घेणं मला येत नाही, आणि मी ते कुणाला शिकवलेलंही नाही. ते तू कुठून शिकलास हे विचारायचा मला आता हक्क नाही.

तिथून सरळ साहेबांकडे गेले. अर्ज बसमध्येच लिहिला होता. त्यात पेन्सिल, मागचा बाक, दिव्या, सगळं आहे. साहेबांनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, सख्ख्या चुलतभावाला तुम्ही नापास केलंत तेव्हा मी घरी सांगितलं, काय बाई आहे म्हणून! आता तुम्हीच त्याला पास करायला आलात, तर लोक काय म्हणतील?"

"पास करा म्हणत नाही मी. माझं निरीक्षण खोटं आहे, एवढंच म्हणते."

"चुकीचं म्हणा. खोटं कशाला म्हणता?"

"न बघता लिहिलं साहेब. त्याला दुसरं काय म्हणू?"

"मग बाकीच्या पाचांचं काय? तेही खोटं?"

मी म्हटलं, सहाही पाठ परत घ्या. ते म्हणाले, चतुर्थी तोंडावर आलीय, निम्मा जिल्हा आठवडाभर सुट्टीवर, वेड लागलंय का? शेवटी असं ठरलं: एकट्या तुझा पाठ परत होईल. रविवारी, चोवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, नव्या चार मुलांसमोर. निरीक्षणाला वैभववाडीहून सत्यवती मॅडम येतील. कडक आहेत, पण बघतात. पुढचं वर्षभर मी कुणाचंही निरीक्षण करायचं नाही. ते मला मान्य आहे.

आणि साहेब म्हणाले, त्या दिवशी तुम्ही केंद्राच्या आसपासही दिसू नका. तेही बरोबरच आहे.

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. तिने तुला सांगितलं. तुझं म्हणणं तिने मला जसंच्या तसं कळवलं: "माझी परीक्षा झाली. आता कोणाची आसा ती तेंनी देवची." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "पण इस्त्रीचो शर्ट काडून ठेवल्यान गो. मी बघलंय."

ये, एवढंच लिहिते. माझ्यासाठी नको. मी तिथे नसेन, माझं तोंडही तुला बघावं लागणार नाही.

संचिता

२४ ऑगस्ट, संध्याकाळ

दादा,

आज काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. सफाई म्हणून वाचू नकोस.

मी सकाळी नऊच्या गाडीने मालवणला गेले. बाजारात गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीचं सामान आलंय, कांगणं, कवंडळं, सगळी रानफळं, नारळांचे घड, पाय ठेवायला जागा नाही. मला काही घ्यायचं नव्हतं. बाहेर कुठेतरी असायचं होतं. आणि दहा वाजता मी फोन बंद केला. का, तर वहिनीने काही विचारलं, किंवा साहेबांनी, आणि माझ्या तोंडून एखादा शब्द गेला, तर तो तुझ्या पाठाला चिकटेल. उद्या कुणीतरी म्हणेल, बहिणीने फोनवरून सांगितलं. मला त्या पाठावर माझं बोटही उमटायला नको होतं. एका फुलवाल्या बाईने, तुळसा नाव तिचं, मला तीनदा विचारलं, "काय होया बाय, सांग तरी!" मी काहीच नको म्हटलं तेव्हा म्हणाली, "मगे गिऱ्हायकांका वाट दी."

तीन वाजता फोन सुरू केला. अकरा फोन येऊन गेले होते. साहेबांचे सात, वहिनीचे चार. सगळे अकरा ते सव्वाअकराच्या मधले.

तू आला होतास. इस्त्रीचा शर्ट घालून, साहेब म्हणाले. मुलं बसली, सत्यवती मॅडम मागच्या बाकाकडे निघाल्या, तर तू त्यांना थांबवलंस. "थंय नको. हय बाजूक बसा, माझो हात दिसाक होयो." त्या बसल्या. मग तू साहेबांना म्हणालास, "संचू खंय? तिका बोलवा. तिणा बघल्याबगर मी सुरवात करूचंय नाय."

साहेबांनी नियम सांगितला. तू म्हणालास, "गुण तिणा देव नयेत. पण बघूक तरी होया." मग त्यांनी मला फोन लावला. परत लावला. वहिनीला लावायला सांगितला. तू पंधरा मिनिटं दाराकडे बघत उभा होतास आणि मुलं काड्या हातात घेऊन बसली होती. शेवटी सत्यवती मॅडम म्हणाल्या, "तुमचा वेळ चालू आहे हो." तेव्हा तू शिकवायला लागलास.

मी दुसऱ्यांदाही बघितलं नाही, दादा. पहिल्यांदा मान खाली घालून, दुसऱ्यांदा फोन बंद करून. दोन्ही वेळा मला निःपक्षपाती राहायचं होतं.

साहेबांनी मला गुण सांगितले. सांगायला नको होते, पण सांगितले. कौशल्य दहा. सहभाग नऊ. शेऱ्यात सत्यवती मॅडमनी लिहिलंय की त्यांनी वीस वर्षांत असं पाहिलं नाही. सुरक्षितता आठ. वेळेचं नियोजन चार. पाठ पूर्ण झाला नाही, दोन मुलांच्या पट्ट्या राहिल्या. एकूण एकतीस. तू पात्र आहेस.

उद्या यादी जाईल ती गुणांच्या क्रमाने. पहिला तुमच्या सहाजणांतला जितेंद्र, बत्तीस. दुसरा तू. ते बत्तीस मी दिलेले आहेत, मागच्या बाकावरून, बसमधल्या पेन्सिलीने. आणि तुझे वेळेचे जे सहा गुण गेले ते दार बघत उभं राहण्यात गेले. तोंडवलीसाठी पहिल्याला आधी विचारणार. जितेंद्र बांद्याचा, रोज इतक्या लांब येईल की नाही कोण जाणे. कदाचित नको म्हणेल. त्याला फोन करून नुसतं विचारावं म्हणून मी नंबर काढला होता. काय विचारणार होते? तो माणूस चांगला आहे, त्याला ते काम हवं असेल तर ते त्याचं आहे. नंबर परत ठेवून दिला.

साहेबांना म्हटलं, उशीर माझ्यामुळे झाला, वेळेचे गुण परत बघता येतील का? ते म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही या भावासाठी काहीही करू नका. हात जोडतो." हसत म्हणाले, पण खरंच हात जोडले.

तर आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. अर्ज नाही, दुरुस्ती नाही. तुझं काम गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, आणि मिळालं तर त्यात माझं काही नाही. हे लिहिल्यावर बरं वाटेल अशी समजूत होती. वाटलं नाही.

फक्त एक राहून राहून डोक्यात येतं. तू मला गुण द्यायला बोलावलं नव्हतंस. माफी मागायलाही नाही. तुला दाखवायचं होतं. गेले सोळा दिवस मी तुला पत्रं लिहिते आहे, आणि त्यांत एकदाही 'दाखव' असं म्हटलेलं नाही. सगळ्या पत्रांत मीच आहे. ती आत्ता असती तर वाचून बघितली असती, तुझ्याकडे आहेत. उघडली असशील तर.

दाखवशील?

हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या पहिल्या गाडीने तोंडवलीला येते. नर्सरीच्या बेड्याकडे, फाटकाबाहेरच थांबेन आणि हे वहिनीच्या हाती आत पाठवीन. तू सावकाश वाच. नाही वाचलंस तरी चालेल. फोन चालू ठेवलाय, पण त्याचं तुला काही काम पडणार नाही, मी तिथेच उभी असेन.

संचू